तिसरी-चौथीच्या वर्गात नाना घरांच्या गोष्टी कशा शिकवाव्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाकणजवळची जिल्हा परिषदेची शाळा, तिसरी-चौथीचा जोडवर्ग. गावातली मुलं थोडी, बाकीची कारखान्यांमागे आलेली: लातूर-नांदेडकडची, तांड्यावरची, उत्तर प्रदेश-बिहारची, काही मुस्लिम घरांतली आणि पालावर राहणारी दोन-तीन पारधी मुलं. बाईंना या सगळ्यांच्या संस्कृती गोष्टींतून वर्गात आणायच्या आहेत. पुस्तकं कोणती घ्यावीत, कशी शिकवावीत, पालक बोलले तर काय करावं, आणि पाठ्यपुस्तकच संपत नाही तिथे वेळ कुठून काढावा, असं त्यांनी विचारलंय. सोबत आराखडाही दिलाय. दर आठवड्याला एका समाजाची गोष्ट, त्या दिवशी त्या समाजाची माहिती, आणि सत्र संपताना पोशाख घालून कार्यक्रम.

सुरुवात आराखड्यापासून करते, कारण आधी तोच बदला असं मला सुचवायचंय.

समाजवार आठवडे नकोत. या आठवड्यात बंजारा, पुढच्यात पारधी, असं केलं की मुलं गोष्ट ऐकत नाहीत. वर्गातल्या त्या एका मुलाकडे वळून बघत बसतात. आणि पोशाखाचा कार्यक्रम तर नकोच. प्रजासत्ताक दिनाला तो आपण सगळ्यांनी पाहिलाय. ‘आदिवासी’ म्हणून कमरेला पानं बांधलेली आणि तोंडाला काळं फासलेली पोरं नाचतात, पाहुणे टाळ्या वाजवतात. आंतरजिल्हा बदली होऊन पुण्याकडे येण्याआधी मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात कोरकू आदिवासी मुलांना शिकवत होते. तिथे पानं गुंडाळून कोणी हिंडत नाही. माणसं शर्ट-पॅन्ट घालतात, मोबाइलवर गाणी ऐकतात आणि रोजगार हमीचे पैसे कधी जमा होतील याची वाट बघतात.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खालची पायरी म्हणजे थोर व्यक्ती आणि सणवार. तिच्यावरची, आहे त्याच अभ्यासक्रमाला एखादा धडा जोडून देणं. तिसरीवर मुलं तीच घटना दुसऱ्याच्या जागेवरून पाहायला लागतात, आणि चौथीवर त्याबद्दल स्वतः काहीतरी करतात. आपले बहुतेक उपक्रम पहिल्या पायरीवर सुरू होतात आणि तिथेच फोटो काढून संपतात.

म्हणून माझा सल्ला असा: संस्कृती शिकवायला जाऊ नका, गोष्ट शिकवा. आणि गोष्ट निवडताना सणाच्या दिवसाची नको, साध्या मंगळवारची निवडा. तांड्यावरच्या मुलीची शेळी हरवलीय. इमरानला सायकल येत नाही आणि ते मित्रांना कळू द्यायचं नाहीये. दरभंग्याहून आलेल्या दोन भावंडांना नव्या खोलीत झोप लागत नाहीये. गोष्ट अशी असली की ऐकणाऱ्या मुलाला आधी शेळीची काळजी वाटते. ‘ते लोक कसे असतात’ हा प्रश्न त्याच्या डोक्यात येतच नाही, आणि तरीही घर कसं आहे, आजीला काय म्हणतात, चुलीवर काय शिजतंय हे सगळं त्याच्या कानावरून गेलेलं असतं.

हा विचार आला कुठून तेही थोडं सांगते, कारण प्रशिक्षणांत या विषयावरचे परदेशी शब्द नुसतेच फेकले जातात. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेतल्या बालपुस्तकांवर एक लेख लिहिला. न्यूयॉर्कच्या एका बालवाडीत पुस्तक चाळताना पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीने विचारलं होतं, यातली मुलं नेहमी गोरीच का असतात? लॅरिक यांनी तीन वर्षांत निघालेली ५,२०६ पुस्तकं तपासली. त्यांतल्या फक्त ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरात सातांपेक्षाही कमी, चित्रात किंवा मजकुरात एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस होतं. वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या बालपुस्तक केंद्राने लेखक-चित्रकारांची मोजणी केली. वर्षभरातल्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची भरली अवघी १८. पुढे १९९० मध्ये रूडीन सिम्स बिशप यांनी आरसा आणि खिडकी ही आता जगभर वापरली जाणारी मांडणी केली. पुस्तक मुलाला स्वतःला दाखवणारा आरसा असतं आणि दुसऱ्याचं जग दाखवणारी खिडकीही असतं. बिशपबाईंचं अर्धंच म्हणणं आपल्याकडे पोहोचलंय. ज्यांना आरसा मिळत नाही त्यांचं नुकसान होतं, हे सगळे सांगतात. पण ज्या मुलांना सगळीकडे फक्त आरसेच मिळतात त्यांचंही नुकसान होतं, त्यांना आपणच जगाच्या मध्यभागी आहोत असं वाटू लागतं, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलंय. तुमच्या वर्गात जी मुलं गावातल्या जुन्या घरांतली आहेत, त्यांच्यासाठी हे वाक्य लक्षात ठेवा.

अमेरिकेतली पुस्तकांची यादी मात्र जशीच्या तशी आपल्याला चालत नाही. तिथे आधी वंश दिसतो. आपल्या वर्गात जात, भाषा, धर्म, स्थलांतर आणि कोण कुठल्या वस्तीत राहतं हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. चाकणच्या वर्गात एखाद्याला ‘बिहारी’ म्हणून चिडवणारा मुलगा स्वतः ऊसतोडीच्या घरातला असू शकतो, आणि त्याला आधीच्या शाळेत वेगळ्याच नावाने चिडवलेलं असतं.

आता पुस्तकं. नवीन आणण्याआधी शाळेचं कपाट उघडा आणि आहे ते सगळं खाली काढा. काय निघेल ते मी आत्ताच सांगू शकते. राजेराण्या, संतचरित्रं, बोधकथा, शास्त्रज्ञांची चरित्रं आणि पुष्कळशा प्राण्यांच्या गोष्टी. माणसांच्या गोष्टी वेगळ्या करा आणि त्यांतली घरं बघा. कौलारू घर, दारात तुळशीवृंदावन, आई ओट्याशी, बाबा ऑफिसात, डब्यात पोळीभाजी. पत्र्याची खोली कुठे आहे? पाल कुठे आहे? आई कंपनीत पाळीला गेलीय आणि नऊ वर्षांची ताई धाकट्याला सांभाळतेय असं घर कुठल्या पानावर आहे? मुलांची नावं बघा, आडनावं बघा. दुष्ट माणूस चित्रात काळा आणि केसाळ रंगवलाय का तेही बघा. मराठीत चांगली, नव्या वळणाची चित्रपुस्तकं आहेत, पण सरकारी कपाटात ती फार पोहोचत नाहीत. प्राण्यांच्या गोष्टींना आपण निरुपद्रवी समजतो. पण त्यांतही मांजरीच्या गळ्यात मंगळसूत्र असतं आणि उंदीर सत्यनारायण घालतो. चालू द्या. फक्त आपल्या लक्षात असावं.

निवडताना माझी नजर सगळ्यात आधी जाते ती गोष्टीतली अडचण कोण सोडवतं याच्याकडे. पालावरच्या मुलाची गोष्ट म्हणून जे पुस्तक हाती येतं, त्यात बहुतेकदा शहरातून आलेल्या ताई, साहेब किंवा गुरुजी त्याला मदत करतात आणि तो कृतज्ञ होतो. हे पुस्तक त्या मुलासाठी लिहिलेलं नसतं, मदत करणाऱ्याला बरं वाटावं म्हणून लिहिलेलं असतं. शेळी ज्या मुलीची हरवलीय ती तिनेच शोधायला हवी. दुसरं, पुस्तक वर्गात नेण्याआधी त्या समाजातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला दाखवा. अंगणवाडीची मदतनीस, रिक्षावाले काका, माजी विद्यार्थी, कोणीही चालेल. चित्रातला लुगड्याचा किंवा भांड्यांचा घोळ त्यांना एका नजरेत दिसतो. मला तो दिसला नसता.

जुन्या गोष्टींतले लबाड न्हावी, मूर्ख कोष्टी, कंजूष वाणी यांचं काय करायचं असंही नेहमी विचारलं जातं. ती पुस्तकं रद्दीत घालायची गरज नाही. चौथीला ती वाचा आणि एवढंच विचारा: ही गोष्ट न्हाव्याच्या मुलीने सांगितली असती तर कशी सांगितली असती? पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

पहिली गोष्ट कोणती घ्यावी, तर चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. तुम्हाला वाटेल यात बहुसांस्कृतिक ते काय? सांगते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होते, मग मला खा असं म्हणून ती सुटते आणि भोपळ्यात बसून परत येते. ही गोष्ट बंगालमध्ये आहे. तिथे म्हातारी वाकलेली आहे, काठी टेकत नातीकडे जाते, दुधी भोपळ्यात बसून गडगडत परतते, आणि शेवटी तिचे पाळलेले कुत्रे धावून येतात. बंगाली लेखक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी ती शंभरहून जास्त वर्षांपूर्वी छापली. हीच म्हातारी इराणमध्येही आहे. तिथेही ती लेकीकडे निघते, तिथेही वाटेत खायला टपलेली जनावरं भेटतात, आणि तिथेही ती भोपळ्यात बसून गडगडत येते. इराणी मुलांना हिचं गाणं आपल्यासारखंच तोंडपाठ असतं.

हे वर्गात कसं करायचं? पहिल्या दिवशी आपली गोष्ट सांगा, ताल धरून. दुसऱ्या दिवशी, ‘अशी गोष्ट तुमच्या घरी कोणी सांगतं का, विचारून या’ एवढाच गृहपाठ द्या. कोणाला उभं करायचं नाही, कोणावर सक्ती नाही. जो सांगेल त्याची गोष्ट फळ्यावर येते: कोण निघालं, कुठे निघालं, वाटेत कोण भेटलं, कशातून परत आलं. मग बंगालची सांगा, मग इराणची. फळ्यावर तक्ता होतो. मुलं स्वतःच बोलू लागतात. बाई, इथे कुत्रे आले, आपल्याकडे नाहीत. बाई, तिथे नात आहे, आपल्याकडे लेक. कोणाचं खरं, असा वाद एक ना एक मूल घालतंच. तो घालू द्या. त्या वादातून त्यांना जे कळतं ते मी कितीही सांगून कळलं नसतं: गोष्ट कोणा एकाची नसते, आणि आपली गोष्टही कुठूनतरी चालत आलेली असू शकते. नकाशावर बंगाल आणि इराण दाखवायला विसरू नका. परिसर अभ्यासाचं त्या दिवसाचं काम त्यातच होऊन जातं.

नेहमीच्या प्रकट वाचनाची माझी पद्धत साधी आहे. आधी प्रस्तावना नाही. ‘आज आपण कोळी समाजाची गोष्ट वाचणार आहोत’ हे वाक्य गोष्टीचा जीव घेतं. मुखपृष्ठ दाखवायचं, काय घडेल असं वाटतं ते विचारायचं आणि वाचायला लागायचं. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, चित्र बघायला वेळ द्यायचा. मध्ये दोनच ठिकाणी थांबायचं, ती ठिकाणं आदल्या रात्री ठरवून पेन्सिलीने खूण करून ठेवायची. अनोळखी शब्द आला, समजा गोरमाटीतल्या, म्हणजे बंजारा बोलीतल्या, गोष्टीत ‘याडी’, तर अर्थ सांगायला थांबू नका. दोन पानांत मुलांना कळतं ही आई आहे. तांड्यावरच्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र तो शब्द ऐकताच काहीतरी होतं. ते बघा, पण बघितलं असं दाखवू नका.

वाचून झाल्यावर तात्पर्य विचारायचं नाही. प्रश्न माणसाबद्दल विचारायचे, समाजाबद्दल नाहीत. ‘तिने आजीला खरं का नाही सांगितलं?’ हा प्रश्न चांगला. ‘या लोकांच्या घरी काय काय असतं?’ हा वाईट. आणि वर्गातल्या त्या समाजाच्या मुलाला ‘तू सांग रे, तुमच्याकडे असंच करतात ना?’ असं कधीही विचारायचं नाही. आठ वर्षांचं पोर आपल्या सगळ्या समाजाचं वकीलपत्र घेऊन शाळेत येत नाही. त्याला स्वतःहून काही सांगावंसं वाटलं तर ते मधल्या सुट्टीत, खिचडीच्या रांगेत सांगतं. ऐकून घ्या. पुढच्या वेळी वर्गात सांगशील का, एवढं विचारा. नाही म्हणालं तर विषय संपला.

तीच गोष्ट दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाचा. आपल्याला कंटाळा येतो, मुलांना येत नाही. दुसऱ्या वाचनात ती चित्रातल्या बारीकसारीक गोष्टी पकडतात आणि खरी चर्चा तेव्हा होते. नाट्यीकरण करायचं तर याच टप्प्यावर करा, आणि पात्रं वाटताना समाज बघून वाटू नका.

आता अवघड भाग. पुस्तकात कोणीतरी सुकट भाजतंय, खेकडे पकडतंय किंवा मटणाचा रस्सा ओरपतंय. वर्गातून आवाज येतो: शीऽऽ. एक-दोन मुलं माना खाली घालतात. ‘असं बोलू नये’ म्हणून पुढे गेलात तर शी म्हणणाऱ्याला एवढंच कळतं की हे बाईंसमोर बोलायचं नाही. मी पुस्तक मिटते आणि फळ्यावर दोन रकाने आखते: मला आवडणारा वास, मला नको वाटणारा वास. मेथी, लसूण, हिंग, फणस, मोहरीचं तेल, सुकट, तूप. प्रत्येकाने दोन्हींत लिहायचं. थोड्या वेळाने दिसतं की एकाच्या डाव्या रकान्यातलं दुसऱ्याच्या उजव्या रकान्यात आहे. तूप न आवडणारंही एखादं निघतंच, आणि मोठा हशा होतो. मग नियम सांगायचा: पदार्थ आवडत नाही म्हणता येतं, खाणाऱ्याला नावं ठेवता येत नाहीत. शी हा शब्द मुलाने घरून आणलेला असतो आणि त्याच्या मागे जात उभी असते, हे आपल्याला ठाऊक असायला हवं. ते तिसरीतल्या मुलाला सुनवायची गरज नाही.

दुसरा प्रसंग याहून वाईट. वर्गात कोणाची पट्टी हरवते आणि सगळ्यांच्या नजरा पारधी मुलाकडे जातात. ब्रिटिशांनी १८७१ साली कायदा करून अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पुढे पारधीही त्यांत आले. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो रद्द झाला. नजरा अजून तिथेच आहेत, कधीकधी आपल्या स्टाफरूममध्येही. अशा वेळी पारधी मुलाची गोष्ट काढून वाचली तर त्याला आणखी उघडं पाडल्यासारखं होतं. इथे मी उलटं करते. ज्याच्यावर खोटा आळ आला अशा कोणाची तरी लांबची गोष्ट घेते. पात्रं दुसऱ्या देशातली किंवा अगदी प्राणीसुद्धा चालतील. वस्तू नंतर सापडते. मग विचारते, आता त्याला काय म्हणायचं? नुसतं सॉरी पुरेल का? दुसऱ्या दिवशी तो या मुलांशी खेळेल का? मुलं फार प्रामाणिक बोलतात, कारण बोलणं लांबच्याबद्दल असतं. वर्गात काय चाललंय ते त्यांना बरोबर कळत असतं.

हा माझा सगळ्यांत उपयोगी पडलेला ठोकताळा आहे. जे मूल पुस्तकात कधी दिसलेलं नाही त्याच्यासाठी जवळची गोष्ट घ्यावी. जिथे पूर्वग्रह पेटलेला आहे तिथे लांबून यावं.

लांबच्या गोष्टींत चौथीला मी रूबी ब्रिजेस नक्की सांगते. १९६० चा नोव्हेंबर, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स. सहा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी आजवर फक्त गोऱ्यांची असलेल्या शाळेत जाते. बाहेर जमाव ओरडतोय, सरकारी मार्शल तिच्यासोबत चालतायत. गोरे पालक आपली मुलं काढून नेतात आणि वर्षभर वर्गात ती एकटी. शिकवायला बॉस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. एका मुलीचा वर्ग! आपल्या मुलांना ही कल्पनाच आधी मजेची वाटते. मग कोणीतरी विचारतं, ती खेळायची कोणाशी? त्यानंतर मी मुक्ता साळवेची ओळख करून देते. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली ही मुलगी, आणि १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. महार-मांगांची दुःखं तिने स्वतः मांडली. रूबीपेक्षा शंभर वर्षं आधीची, आणि चाकणपासून एसटीने तासा-दीड तासावरची. पण अशा गोष्टी वर्षातून एक-दोन पुरेत. दलित, आदिवासी, मुस्लिम मुलं गोष्टींत नेहमी सोसतानाच भेटली तर त्या समाजाच्या मुलाला पुस्तक उघडायची धास्ती वाटते, आणि बाकीच्यांना फक्त दया येते. साध्या मंगळवारच्या गोष्टी भरपूर हव्यात, संघर्षाच्या थोड्या आणि नीट तयारीने.

भाषेचा मुद्दा यातून वेगळा काढता येत नाही. लातूरच्या मुलाची बोली मराठीच आहे, भोजपुरी घरातल्या मुलालाही मराठीतलं अर्धं-मुर्धं कळतं. कोरकू मुलाचं तसं नसतं. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, तिचे नातेवाईक झारखंड-ओडिशाकडे. वाघाला ती मुलं कुला म्हणतात. मराठी पुस्तकातलं जंगल त्यांच्या घरामागचंच असतं, पण त्यातला एकही प्राणी ओळखीच्या नावाने येत नाही. धारणीत मी चित्रपुस्तक आधी मोठ्या वर्गातल्या मुलीकडून कोरकूत सांगून घ्यायची आणि मग मराठीत वाचायची. मुलं दुसऱ्या वाचनाला आतुर असायची, कारण पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असायचं. तुमच्याकडे हेच करता येईल. एखाद्या आईला गोष्ट तिच्या भाषेत फोनवर बोलून पाठवायला सांगा. पाळीमुळे त्यांना शाळेत येणं जमत नाही, पण रात्री दोन मिनिटं बोलणं जमतं. परिपाठात ती गोष्ट स्पीकरवर लावा. सगळ्यांना सगळं कळलं नाही तरी चालेल. ज्याच्या आईचा आवाज आहे त्याला आणि वर्गाला, दोघांनाही जे कळायचं ते कळतं.

मग पुस्तकं बनवा. चार कोरे कागद मधोमध दुमडून शिवले की सोळा पानांचं पुस्तक होतं. मूल चित्र काढतं, घरची भाषा देवनागरीत लिहितं, खाली मराठी ओळ. शुद्धलेखन तपासू नका, निदान पहिल्या खर्ड्यात तरी नको. हे पुस्तक भिंतीवर टांगायचं नाही. त्याला दाखल क्रमांक द्यायचा, नोंदवहीत लेखकाचं नाव लिहायचं आणि कपाटात छापील पुस्तकांशेजारी ठेवायचं. मुलं घरी नेण्यासाठी सगळ्यात जास्त हीच पुस्तकं मागतात.

छापील पुस्तकांसाठी: नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त आहेत आणि इतर भारतीय भाषांतून मराठीत आलेल्या गोष्टी त्यांच्याकडे पुष्कळ मिळतात. चेन्नईची तूलिका मराठीतही चित्रपुस्तकं काढते. भोपाळच्या एकलव्यची हिंदी पुस्तकं तुमच्या उत्तरेकडच्या मुलांसाठी घ्याच. भोपाळचीच मुस्कान ही संस्था पारधी आणि गोंड मुलांबरोबर काम करते आणि त्यांच्या जगण्यातली पुस्तकं छापते. मराठीत या प्रकारचं अजून फार कमी आहे, म्हणून तिची आठवण ठेवा. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ फुकट आहे. गोष्टी वाचता, छापता आणि आपल्या भाषेत आणून तिथे ठेवताही येतात. त्यातल्या भाषांतरांचा दर्जा सारखा नाही, मोठ्याने वाचून बघितल्याशिवाय वर्गात नेऊ नका. बालभारती आठ माध्यमांची पाठ्यपुस्तकं काढते आणि ई-बालभारतीवर ती मोफत उतरवून घेता येतात. हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांतल्या कविता तर मी थेट वापरते.

पालकांचं म्हणाल तर ते पुस्तकापेक्षा अफवेवर जास्त चिडतात. ‘शाळेत त्यांच्या धर्माचं शिकवतात’ हे वाक्य गावात फिरायच्या आत पुस्तकं पालकसभेत टेबलावर मांडून ठेवा, हाताळू द्या, एखादी गोष्ट वाचून दाखवा. ईदची गोष्ट वाचलीत म्हणून कोणी विचारायला आलं तर त्या महिन्यात वाचलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी दाखवा. त्यात पोळाही असतो, नाताळही असतो आणि बरेचसे साधे मंगळवार असतात. वाद घालू नका, पुस्तक त्यांच्या हातात द्या आणि घरी वाचून परत आणा म्हणा. मुख्याध्यापक आणि व्यवस्थापन समितीला आधी माहीत असलेलं बरं. एवढं करूनही एखादे पालक ऐकत नाहीत. त्यांच्या हरकतीमुळे पुस्तक कपाटातून काढून टाकलं जाता कामा नये, यावर मात्र ठाम राहा.

वेळेचं उत्तर सोपं आहे, कारण हा वेगळा विषयच नाही. भाषेच्या तासिकेतली पहिली पंधरा मिनिटं रोज वाचा. ऐकून समजणं, अंदाज बांधणं, पात्राबद्दल मत देणं, अनुभव लिहिणं ही तिसरी-चौथीची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलांना यायला हवं ते, आहेच. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर टाचणात तसंच लिहिलेलं असू द्या. नोंदीसाठी वहीचं एक पान प्रत्येक मुलामागे ठेवा. ‘सर्व संस्कृतींचा आदर करतो’ असं साचेबंद वाक्य तिथे लिहू नका, मुलाने गोष्टीबद्दल जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहा. मार्चमध्ये जूनची पानं उलटून बघितली की कोण बोलायला लागलं आणि कोण अजून गप्प आहे ते दिसतं. जे गप्प आहे त्याच्या घराची गोष्ट कपाटात आहे का ते तेव्हा पुन्हा तपासा. आणि पालावरची मुलं मध्येच मुक्काम हलवतात, त्यांच्यासोबत एक-दोन पुस्तकं जाऊ द्या. ती परत येत नाहीत, त्यांची नोंद ‘निर्लेखित’, म्हणजे दप्तरातून कमी केलेली, अशी करता येते.